डोकी झिजलेले स्क्रू

पहिला स्क्रू जागचा हलला नाही, तेव्हा धाकटीने खाऱ्या पाण्याला एक सणसणीत शिवी हासडली. दुसराही हलेना, तेव्हा स्क्रू बनवणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार केला. तिसऱ्याला मात्र ती काही बोलली नाही. तिने स्की उचलून खिडकीशी नेली आणि उजेडात तिरपी धरून पाहिली.

स्की म्हणजे माणसाच्या उंचीची, पुढून वर वळलेली अरुंद फळी. तिच्या मध्यावर रबरी बूट असतो. बूट एका जाड पत्र्यावर बसवलेला आणि तो पत्रा फळीत स्क्रूंनी आवळलेला. समोरून बोट दोरीने ओढते आणि माणूस बुटात पाय रोवून पाण्यावर उभा राहतो. धाकटी लोकांना हे उभं राहणं शिकवायची आणि तिचा दादा बोट चालवायचा. तळ्याकाठच्या त्यांच्या शाळेत शिकवणारी माणसं एवढीच. लाइफ जॅकेटं उसवली की शिवायची आणि फोन घ्यायचे ही कामं वहिनीकडे. वडील गेले तेव्हा धाकटी परकर सावरत पळायच्या वयाची होती. तिला पोहायला, बोटीवर चढायला आणि पडलं तरी दोरी वेळेवर सोडायला दादानेच शिकवलं. सारखी पाण्यात असते म्हणून तो तिला पाणकोंबडी म्हणायचा, आणि ती चाळिशीला आली तरी ते नाव सुटलं नव्हतं.

तळं एका अरुंद फाट्याने समुद्राला जोडलेलं, त्यामुळे पाणी खारं. खारं पाणी कुणाची गय करत नाही. म्हणून हंगाम संपला, वारे फिरले आणि लोक यायचे थांबले, की सगळ्या स्कींचे बूट उतरवायचे, स्क्रू काढून व्हिनेगरमध्ये भिजत घालायचे, तारेच्या ब्रशने घासायचे आणि जे वाचणार नाहीत ते बदलायचे, असा रिवाज होता. हे काम दादाचं. शेडचं दार लावून, रेडिओ मोठा करून तो एकटाच बसायचा. मध्ये कुणी डोकावलेलं त्याला खपत नसे. यंदा मात्र वहिनी त्याला डोळे तपासायला शहरात घेऊन गेली होती. आपण निदान बूट तरी उतरवून ठेवू, आल्यावर बरं वाटेल त्याला, या विचाराने धाकटीने शेड उघडली होती.

उजेडात तिला दिसलं, ते गंजासारखं नव्हतं. स्क्रूच्या डोक्यावरची चौफुलीची खाच झिजून वाटीसारखी झाली होती. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण डोक्याच्या आजूबाजूला पत्र्यावर आणि फळीवर ओरखडे होते. बारीक, वेडेवाकडे, एकावर एक. स्क्रूड्रायव्हर घसरला, परत लावला, परत घसरला, असे. गंज धातू खातो, तो फळीवर ओरखडे काढत नाही. एक स्क्रू तर तिरपाच घुसवलेला होता, आतले आटे पार खलास.

तिने दुसरी स्की काढली. तिच्यावरही तेच. तिसऱ्या स्कीवर टाचेकडचा स्क्रू तिने पकडीने धरून पिळला, तर त्याचं नुसतं डोकंच हातात आलं. मोडून नाही. ते कापलेलं होतं आणि गोंदाने भोकावर चिकटवलेलं होतं. खाली भोक रिकामं होतं.

धाकटी खाली फरशीवर बसली.

हंगामात एकदा बँकेतली एक बाई याच तळ्यावर पडली होती. पडतात सगळेच, पण ती पडली तेव्हा बूट पत्र्यासकट उखडून तिच्या पायात राहिला आणि फळी उडून तिच्या हातावर आदळली. मनगट मोडलं. दादा म्हणाला होता, "खारं पाणी आहे. आपण किती डोळ्यांत तेल घालून बघणार?" धाकटी त्या बाईच्या घरी फळं घेऊन जाऊन आली होती. बाई उलट तिलाच धीर देत होती, की जाऊ दे गं, माझंच वजन वाढलंय.

ते डोकं तिने तळहातावर घेतलं. कापलेली कड कानशीने घासून सपाट केली होती, तीही धड सपाट नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये असतानाच दादा आत आला. संध्याकाळी दोघं शहरातून परतली होती, पण प्रवासाने दमलोय म्हणून तो लवकर झोपला होता. धाकटीने रात्री स्क्रूंवर डिझेल सोडून ठेवलं होतं आणि आता ती सोल्डरिंगची तापलेली कांडी एकेका डोक्यावर टेकवत होती. तापला की स्क्रू फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड ढिली होते.

"हे काय चाललंय?" दादाने विचारलं.

"बूट उतरवतेय."

"ते माझं काम आहे."

"तू नव्हतास म्हणून..."

"आता आहे ना मी? ऊठ. चहा टाक जा. तुझ्या वहिनीचा चहा म्हणजे पाण्याला दुरून पत्ती दाखवलेली असते."

एरवी ती हसली असती. आता तिने त्याच्याकडे पाहिलं. उजवा हात त्याने डाव्या काखेत धरला होता, थंडी वाजल्यासारखा. थंडी नव्हती. तो असाच उभा राहायचा हल्ली, आणि तिला ती त्याची ऐट वाटली होती.

ती उठली. घरापर्यंत गेली, चहाचं आधण ठेवलं, आणि सांडशी शेडमध्ये राहिली हे लक्षात आल्यावर परत फिरली. खिडकीपाशी तिचे पाय थांबले.

दादा स्कीवर वाकून बसला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत घालायला बघत होता. टोक खाचेपाशी जाई आणि भरकटे. वर जाई, बाजूला जाई, पत्र्यावर करकर ओरखडा ओढी. त्याने उजवं मनगट डाव्या हाताने धरलं. मग दोन्ही हात हलायला लागले. मग त्याने छातीच फळीवर टेकवली, कोपर बरगडीशी दाबून धरलं, श्वास रोखला, आणि टोक कसंबसं खाचेत बसलं. त्याने पिळलं. ते निसटलं. तो तसाच फळीवर छाती टेकून पडून राहिला, जणू कुणी वरून दाबून धरलंय.

ती आत गेली नाही. पावलं न वाजवता परत घरी आली, आणि चहा घेऊन जाताना मात्र मुद्दाम चपला फरफटत गेली. दादा तोवर सरळ बसला होता. रेडिओ लागला होता.

"ठेव तिथे," तो म्हणाला. "गरम असेल."

*

वहिनी मशीनवर बसली होती. समोर दादाचा सदरा. धाकटी दारात उभी राहिली.

"वहिनी, काय म्हणाले डोळ्यांचे डॉक्टर?"

"ठीक आहे म्हणाले. चष्म्याचा नंबर..."

"वहिनी."

मशीन थांबलं. वहिनीने सुई वर केली, सदरा ओढून मांडीवर घेतला, आणि तो इकडून तिकडे फिरवत राहिली. तेव्हा धाकटीला दिसलं. बटणांच्या पट्टीखाली वहिनीने चिकटपट्टी शिवली होती, बॅगांना असते तशी, करकर आवाज करत उघडणारी. वरची बटणं नुसती शोभेला होती.

"डोळ्यांचे नव्हते ते डॉक्टर," वहिनी म्हणाली. "नसांचे होते."

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं होतील. आधी सही बदलली. बँकेने चेक परत पाठवला तेव्हा आम्ही हसलो होतो, म्हटलं म्हातारे झालात. मग दाढी करताना कापायला लागलं. मग एक दिवस ह्यांनी सदरा डोक्यातूनच घातला, बटणं न काढता. मी विचारलं नाही. रात्री बसून पट्टी शिवली. त्यांनीही विचारलं नाही."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू बोटीची किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती."

"म्हणून नाही सांगितलं."

धाकटी आत येऊन पाटावर बसली. तिला राग यायला हवा होता आणि तो येत होता, पण वहिनीची बोटं त्या सदऱ्यावरून अशी फिरत होती की राग कुठे ठेवावा कळेना.

"स्टिअरिंगवर हात नाही गं थरथरत," वहिनी समजावणीच्या सुरात म्हणाली. "खरंच. तिथे बसले की राजे असतात. लहान कामालाच दगा देतो हात. बटण, सही, स्क्रू. मोठ्या कामाला धड आहे."

"बँकेतल्या बाईंचं मनगट मोडलं, वहिनी."

"ते स्क्रूमुळे."

"आणि स्क्रू कशामुळे?"

वहिनीने सदरा परत मशीनवर लावला. मग म्हणाली, "एवढा एक हंगाम चालवू दे त्यांना. बोट काढून घेतलीस तर तो माणूस उठायचा नाही परत. मी ओळखते त्यांना."

"दोरीच्या टोकाला कुणीतरी असतं," धाकटी म्हणाली आणि उठली. दाराजवळच्या खिळ्यावर बोटीची किल्ली होती. तिने ती काढली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. वहिनीने पाहिलं आणि मान खाली घालून मशीन सुरू केलं, पण सुईत दोरा नव्हता, ते नुसतंच खडखडत राहिलं.

*

जेवायच्या वेळेपर्यंत दादाला कळलंच.

"किल्ली कुठाय?"

"माझ्याकडे."

"दे."

"नाही देणार."

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. दादा उंच होता, आणि लहानपणी तो असा उभा राहिला की धाकटी अर्धी व्हायची. "पाण्यावर उभं राहायला कुणी शिकवलं तुला?"

"तूच."

"मग?"

"मग काय दादा? तू शिकवलंस म्हणून तुझ्याच बोटीच्या पंख्याखाली जाऊ?"

वहिनीच्या हातातली पळी भांड्यात पडली. दादा थोबाडीत बसल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. तिला बोललेलं गिळून टाकावंसं वाटलं, पण ते बोलून झालं होतं.

"खिडकीतून बघत होतीस," तो म्हणाला.

"हो."

"चोरासारखी."

"हो."

तो खुर्चीवर बसला. हात टेबलाखाली ठेवले. मग तो शांतपणे म्हणाला, "उद्या सकाळी पाण्यावर येशील? तू दोरी धर, मी चालवतो. एकच फेरी. वहिनी बसेल मागे बघायला. त्यात तुला काही वावगं दिसलं, तर किल्ली तुझी, बोट तुझी. मी परत तोंड उघडणार नाही."

धाकटीने नको म्हणायला हवं होतं. वहिनीनेही तेच सांगितलं, नंतर, भांडी घासताना, दबक्या आवाजात. पण धाकटीला आतून वाटत होतं की वहिनीचंच खरं निघावं. मोठ्या कामाला हात धड असावा. एवढी वर्षं तिच्या दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं, आणि पाण्यात पडल्यावर बोट आपल्याकडे वळतेय हे बघताना तिला कधी भीती वाटली नव्हती. ते एका दुपारीत संपवायला तिचं मन धजेना.

"येते," ती म्हणाली.

दुपारभर ती शेडमध्ये बसली. तिची स्वतःची एकपायी स्की, जिच्यावर दोन्ही पाय एकामागे एक ठेवतात, तिच्यावरचे सगळे स्क्रू तिने काढले. जे कांडीने सैल झाले ते निघाले, जे नाही झाले त्यांची डोकी तिने ड्रिलने उडवली, पत्रा उचलला आणि उरलेले दांडे पकडीने धरून तोंड वाकडं करत पिळून काढले. भोकं काडीला कापूस गुंडाळून पुसली. हिरवट, काळपट चिखल निघाला. मग नवे स्टीलचे स्क्रू, आट्यांना ग्रीस लावून, एकेक करून बसवले. सगळे आवळून झाल्यावर तिने एकेक बूट दोन्ही हातांनी धरून हिसडला. जरासुद्धा हलला नाही.

*

सकाळ राखाडी होती. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं, काठच्या उपाहारगृहांची शटरं बंद, आणि पाणी शिळ्या वरणासारखं दाट दिसत होतं. दादाने बोट धक्क्यापासून काढली ती इतकी अलगद, की धाकटीला हायसं वाटलं. बोटीचं इंजिन बंद करायची एक लाल दोरी असते, चालवणाऱ्याच्या जॅकेटात अडकवलेली. तो पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. दादाने ती वहिनीकडून अडकवून घेतली. वहिनी त्याच्याकडे पाठ करून, मागे तोंड करून बसली.

धाकटी पाण्यात उतरली, स्की समोर उभी धरली, दोरीची दांडी घट्ट पकडली आणि ओरडली, "चल!"

बोटीने ओढलं. पाणी छातीवर आलं, मग मांड्यांवर, मग पायाखाली गेलं आणि ती उभी होती. वेग बरोबर होता, ना कमी ना जास्त. बोट सुतासारखी सरळ चालली होती. धाकटीने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मोठा बाक घेतला, पाण्याची भिंत उडवली, आणि वहिनी बोटीत बसून चक्क टाळ्या वाजवत होती. दादाने मागे वळून पाहिलं. त्याचा चेहरा तिला स्पष्ट दिसला. तो हसत होता.

वळणावर दोरी अचानक सैल पडली. मग लगेच हिसका बसला, खांदे उखडतील असा, परत सैल, परत हिसका. वेगाच्या दांड्यावरचा त्याचा हात उडत होता. धाकटीने दांडी सोडून दिली आणि ती पाण्यात गेली.

वर आली तेव्हा तिला काही लागलं नव्हतं. तिने हात वर केला, मी ठीक आहे, अशी खूण. बोट वळली आणि तिला घ्यायला यायला लागली. हे वळणं, हळू होणं, आणि पडलेल्या माणसापासून दोन हातांवर इंजिन न्यूट्रलला आणून नुसतं तरंगत येणं, यात दादाचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर कुणी नव्हता. बोट हळू झाली. जवळ आली. दादाने दांडा मागे ओढला.

दांडा न्यूट्रलला यायच्या ऐवजी हात पुढे उडाला. इंजिन ओरडलं आणि बोटीचं नाक वर उचलून तिच्या अंगावर आलं.

जॅकेट घातलेल्या माणसाला बुडी मारता येत नाही. धाकटीने स्की असलेले दोन्ही पाय वर उचलले आणि फळीच बोटीच्या अंगाला लावून स्वतःला ढकललं. फळी पिळवटली, पाय रबरातून खेचून निघाले, घोट्यात काहीतरी कडकन झालं, आणि बोटीची पांढरी बाजू तिच्या तोंडावरून सरकत गेली. मग लाकूड चिरल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. इंजिन बंद पडलं होतं.

वहिनीने लाल दोरी उपसली होती. ती दोरी तिने दोन्ही मुठींत धरली होती, आणि पुढे बराच वेळ ती तिच्या हातातून काढून घेता येईना.

"लागलं का?" दादाने विचारलं. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता.

"नाही," धाकटी म्हणाली. घोटा आत्ताच सुजत असल्याचं तिला कळत होतं.

स्की थोड्या अंतरावर तरंगत होती. मागचा हातभर तुकडा पंख्याने कापून नेला होता. बूट मात्र जागच्या जागी होते.

ती शिडीने वर चढली तेव्हा दादा चालवायच्या जागेवर नव्हता. कुणी न सांगता तो मागच्या बाकावर जाऊन बसला होता, तिच्याकडे पाठ करून. दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि ते थरथरत होते, उजवा जोरात आणि डावा किंचित. डाव्याचं धाकटीला माहीत नव्हतं. ती एका पायावर उभी राहून बोट किनाऱ्याला घेऊन आली.

*

दादाने शब्द पाळला. त्याने परत तोंड उघडलं नाही.

सुरुवातीला धाकटीला वाटलं, चार दिवस घुम्यासारखा राहील आणि मग बोलेल. तो घराच्या मागच्या पायरीवर बसायचा, जिथून तळं दिसत नाही. वहिनीला हो-नाही इतकं म्हणायचा. धाकटी समोर आली की उठून आत जायचा, रागाने नाही, पाहुण्याला जागा करून द्यावी तसा. त्याने ओरडावं, भांडी आपटावीत असं तिला वाटे. घोटा बरा झाला, वारे परत फिरले, लोकांचे फोन यायला लागले. वहिनी ते घेई आणि म्हणे, "यंदा नाही हो. सध्या बंद आहे." कधी चालू होणार असं कुणी विचारलं की ती धाकटीकडे बघे.

एकटीला शिकवता आणि चालवता येत नाही. दुसरा चालवणारा ठेवायचं म्हटलं तर दादाच्या डोळ्यांदेखत त्या जागेवर कुणा परक्याला बसवायचं. धाकटी बँकेतल्या बाईला जाऊन भेटली आणि मनगट कशाने मोडलं ते तिला खरं काय ते सांगितलं. बाईने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, पण या खेपेला तिने धीरही दिला नाही. दार लावून घेतलं. त्या दिवशी परत येताना धाकटीने ठरवलं, की विकायचं.

दूरच्या एका धरणावर नवा क्लब निघत होता, गोड्या पाण्यावर. तिथली व्यवस्थापक बाई येऊन स्की बघून गेली. म्हणाली, "घेते. पण सगळे बूट नव्या स्क्रूंनी बसवून द्यायचे. मी हात लावून बघणार एकेक."

तेव्हा धाकटी परत शेडमध्ये बसली. जुने स्क्रू काढायलाच कितीतरी दिवस गेले. काही अखंड निघाले, काही मधूनच तुटले, काहींसाठी फळीत बाजूला नवं भोक पाडून पितळी आट्यांची नळी बसवावी लागली. बूट परत चढवायला घेतले त्या दुपारी तिच्या हाताला घाम येत होता आणि एक स्क्रू सारखा तिरपा शिरत होता.

"उलटा."

ती दचकली. दादा दारात उभा होता.

"उलटा फिरव आधी," तो म्हणाला. "हलकेच. आटे एकमेकांत बसले की टक् होतं. मग सुलटा फिरव."

तिने स्क्रू उलटा फिरवला. बोटांना ते बारीकसं टक् जाणवलं. मग सुलटा फिरवला, आणि तो लोण्यात सुरी जावी तसा सरळ उतरला.

दादा आत येऊन तिच्यासमोरच्या खोक्यावर बसला. रेडिओ लावला नाही. ती एकेक स्क्रू बसवत राहिली आणि तो नुसता ऐकत राहिला. एखादा कुरकुरला की म्हणे, "काढ तो." एखादा जास्त आवळला की म्हणे, "पुरे, फळी चिरेल." बाकी काही नाही. अशा दोन स्की झाल्या. तिसरी घेताना धाकटी थांबली. टाचेकडच्या त्या भोकात अजून गोंद होता.

"दादा," ती म्हणाली, "नुसतं डोकं का चिकटवलंस रे?"

दादाने ती फळी पायाने जवळ ओढून भोक पाहिलं.

"स्क्रू बसेना," तो म्हणाला. "सकाळपासून करत होतो. एक बसेना. आणि जागा रिकामी दिसत होती. तू बघितलं असतंस."

"मला हाक मारायची."

"तेच तर नको होतं."

"ती बाई मेली असती."

"माहितेय." त्याने हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. "रोज माहीत असायचं. मागे वळून बघायचो तेव्हा आधी पाय बघायचो लोकांचे. पाय आहेत ना बुटात. तोंडं बघायचीच राहिली. हसतायत की रडतायत, कळायचं नाही." मग म्हणाला, "तुझं बघितलं होतं त्या दिवशी. वळणाच्या आधी."

धाकटीने भोकातला गोंद स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडायला घेतला. तो दगडासारखा झाला होता. खरवडताना तिचे डोळे भरून येत होते आणि नीट दिसत नव्हतं, आणि समोर दादा बसून होता, त्याला तिच्या हातातून ते घेऊन करून देता येत नव्हतं.

*

धरणावरची बाई ट्रक घेऊन आली. तिने खरोखरच एकेक बूट हिसडून पाहिला आणि मान हलवली. स्की गेल्या, आठवड्याने बोटही गेली. बोट ट्रकवर चढवताना दादा बाहेर आला नाही. वहिनी म्हणाली, ते आत भिंतीकडे तोंड करून पडलेत, तू जाऊ नकोस. धाकटी गेली नाही.

तिला शहरातल्या तरणतलावावर पोहायला शिकवायचं काम मिळालं. सुट्टीच्या दिवशी ती घरी येते. रिकाम्या शेडमध्ये उजेड चांगला म्हणून वहिनीने मशीन तिथे हलवलंय, आणि दादा दिवसभर तिथेच बसलेला असतो. डावा हातही आता उजव्याइतकाच गेलाय. वहिनी त्याला भरवते. भरवताना तो दाराकडे पाठ करून बसतो.

धाकटी आली की तो विचारतो, "पाणी कसंय तिथलं?"

"औषधाचा वास मारतं."

"खोल?"

"एका टोकाला. दुसऱ्या टोकाला गुडघाभर."

"पोरं शिकतात?"

"शिकतात. रडतात आधी."

"तू नव्हतीस रडली," दादा म्हणतो. वहिनीचं मशीन चालू राहतं, आणि परतीच्या गाडीची वेळ होते.